ढोलकासुराला सोडायचं की कोंडायचं?

ढोलकासुर नावाचा एक राक्षस डोंबिवलीत राहायचा. तिसरा मजला, डावीकडचं दार, दारावर पाटी: बाळ देवस्थळी. वर्षभर तो ठाण्याच्या एका बँकेत चष्मा लावून लोकांच्या सह्या ताडून बघायचा, आणि मे महिना लागून शाळांना सुट्ट्या पडल्या की पोटाला हा एवढा वेताचा ढोल बांधून गावातले सगळे आवाज गिळायला निघायचा. देवळाची घंटा गिळायचा. कोकिळा गिळायचा. भाजीवाल्याची आरोळी तर मिटक्या मारत खायचा आणि वर ढेकर द्यायचा, तेव्हा हॉलमधली पोरं खुर्च्यांवरून घसरायची.

ढुम ढुम ढोलका, पोट माझं पोकळ,
गिळतो मी घंटा, गिळतो मी कोकिळ!

हे ऋजुताच्या बाबांचं बालनाट्य. लिहिलं त्यांनी, चाली त्यांच्या, बसवलं त्यांनी, आणि राक्षसही तेच. ऋजुता सात वर्षांची असताना पहिला प्रयोग झाला, तेरा वर्षांची असताना शेवटचा. मधल्या सात उन्हाळ्यांत तिने ते नाटक शंभराच्या वर वेळा पाहिलं आणि एकदाही कंटाळली नाही. बाकीच्या मुली मे महिन्यात मामाकडे जायच्या. ऋजुता नाटकातल्या गुपचूपनगरीत जायची.

फुकट मात्र नाही हं. तिला तिथे काम होतं.

शेवटच्या प्रवेशात गुपचूपनगरीची मुलं राक्षसाला पिंजऱ्यात पकडायची. पिंजरा कल्याणच्या बाजारातून आणलेला, वेताचा, पण त्याची कडी लोखंडी आणि खरीखुरी. बाबांना खोटं काही चालायचं नाही. म्हणायचे, "खोटी कडी पोरं लांबून ओळखतात." तर आत कोंडला गेला की राक्षस घाबरून पोटातले आवाज एकेक करून परत द्यायचा. घंटा यायची, कोकिळा यायची, आरोळी यायची, आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत खालून, एक अंगाई. सगळीकडे अंधार, ढोलाच्या आत एक पिवळा दिवा आणि एका बाईचा आवाज.

नीज गं अंधारबाई, नको अशी भिऊ,
दिवा नाही लावला तरी दोघी मिळून राहू.

ती ऐकून ढोलकासुर रडायचा. त्याला जन्मात कुणी अंगाई गायलेली नसते ना, म्हणून तर तो आवाज चोरत सुटलेला असतो! मग विदूषक पुढे येऊन प्रेक्षकांना विचारायचा, "मुलांनो, याला सोडायचं की कोंडायचं?"

आणि इथे ऋजुताचं काम. तिसरी रांग, खुर्ची नंबर सात. पहिली हाक तिची. भरल्या गळ्याने, डोळे पुसत, "सोडा!" तिच्यामागून मग अख्खा हॉल उठायचा. सोडा, सोडा, सोडा! बाबा म्हणायचे, "कुणीतरी पहिलं ओरडावं याची मुलं वाट बघत असतात, ऋजू. तू ओरडलीस की हॉल आपला." रडायचं मात्र तिला कधी शिकवावं लागलं नाही. अंगाई सुरू झाली की तिच्या डोळ्यांना आपोआप धार लागायची. त्या बाईच्या आवाजात काय होतं कोण जाणे. तिला वाटायचं, आपल्याला कुणीतरी खूप लांबून ओळखतंय.

नाटकाच्या पत्रकात सगळ्यांची नावं असायची, अगदी चहावाल्याचंसुद्धा. अंगाईपुढे फक्त लिहिलेलं असायचं: एक आई.

*

आता ऋजुता छत्तीस वर्षांची होती. ठाण्यात एका कंपनीत माणसं नेमायचं काम करत होती. नवरा विनीत, मुलगी उर्वी, वय वर्षं आठ. नोकरीतल्या एखाद्या भयाण दिवशी कुणी रडकुंडीला आणलं की ती बाथरूममध्ये जाऊन हळूच "ढुम ढुम ढोलका" म्हणायची आणि खरंच बरं वाटायचं. लहानपण म्हणजे तिच्यासाठी ते नाटक. त्यात काही वाईट घडूच शकत नव्हतं.

एप्रिलमध्ये बाबांचा फोन आला.

"ऋजू, पंचवीस मे, रविवार, दुपारी चार. शाळेचा हॉल मिळालाय."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? ढोलकासुर! एक शेवटचा प्रयोग. जूनमध्ये डॉक्टर दोन्ही गुडघे बदलणार. मग उड्या संपल्या. नाथाला विचारलं, तो विदूषक करायला तयार आहे. वय झालंय त्याचं, पण विदूषकाला कोण वय विचारतो? आणि तुझी खुर्ची राखून ठेवलीय. सात नंबर."

"बाबा, मी छत्तीस वर्षांची आहे."

"मग आवाज मोठा झाला असेल. चांगलंच आहे."

ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरची योगिनी वळून बघायला लागली. तो महिनाभर तिच्या पायाला चाकं लागली होती. दर रविवारी उर्वीला घेऊन, शिळफाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत, ती ठाण्याहून डोंबिवलीला तालमीला जायची. उर्वीला गाणी आठवड्यात पाठ झाली. आई, म्हणजे शुभदा, घरात शिलाई मशीनवर राक्षसाचं नवं पोट शिवत बसायची. सगळं पूर्वीसारखं. तेच कापड, तोच वास, बाबांची तीच आरडाओरड. "आवाज! आवाज गिळतोय मी, इडली नाही!"

प्रयोगाला आठ दिवस राहिले होते, तेव्हा ते झालं.

सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम संपली होती आणि बाबा खाली नाथाकाकांबरोबर चहाला गेले होते. आवाजाची बाजू बघणारा अद्वय लॅपटॉप आवरत होता. एकवीस वर्षांचा, केस कपाळावर, सगळ्यांना ताई म्हणणारा.

"ताई, एक ऐकवू? सरांना सांगू नका हां. ते तालमीत वाजवू देत नाहीत. जुनी कॅसेट मी साफ करून आणलेली, खरखर गेली एकदम. काय आवाज आहे यार!"

आणि त्याने अंगाई लावली.

ऋजुताने डोळे मिटले. तेवीस वर्षांनी. पहिल्याच ओळीला पापण्या ओल्या. छान, म्हणजे अजून चालतंय, असा तिच्या मनात विचार आला, तेवढ्यात शेजारून उर्वी म्हणाली,

"ही तर आजी."

"काय?"

"आजी गातेय."

ऋजुता हसली. "वेडाबाई, आजीला कुठे गाता येतं? आजी तर गणपतीच्या आरतीला नुसत्या टाळ्या वाजवते."

"माझ्यापाशी गाते. मी सुट्टीत तिच्याकडे राहते ना, तेव्हा वेणी घालताना. खिडकी लावून घेते आणि गाते. तू मला न्यायला आलीस की बंद." उर्वीने खांदे उडवले. तिच्या दृष्टीने ह्यात नवल ते काय! "हेच गाते. अंधारबाईचं."

अद्वयने बटण दाबून गाणं थांबवलं. नको तिथे पाय पडल्यासारखा त्याचा चेहरा झाला. ऋजुताच्या डोळ्यांतलं पाणी होतं तसंच राहिलं, पण आता ते कशाचं आहे ते तिला कळेना.

टाळ्या. तिला सगळं आयुष्य त्या टाळ्या आठवायला लागल्या. हळदीकुंकवाला बायका नाव घ्यायला, गाणं म्हणायला सांगायच्या तेव्हा आई म्हणायची, "मला सूर नाही हो." शाळेत गाण्याच्या स्पर्धेत ऋजुता आपटली तेव्हा आई म्हणाली होती, "माझ्यावर गेलीस." पाळण्यातसुद्धा बाबांनीच गायलं असणार. आईचा गाण्याचा आवाज ऋजुताने ओळखला नाही, कारण तो कधी ऐकल्याचं तिला आठवतच नव्हतं. एवढं साधं होतं ते. 

*

घरी मशीन खडखडत होतं. उर्वीला टीव्हीपुढे बसवून ऋजुता आतल्या खोलीत गेली आणि दार लोटलं.

"आई, ती अंगाई तू गायलीयेस?"

आईच्या दातांत दोरा होता. मशीन थांबलं.

"कोण म्हणालं?"

"उर्वी."

"चोंबडी," आई म्हणाली, पण हसली. दोरा तोडला. "चल, झालं एकदाचं."

"झालं काय? मला का नाही सांगितलंस? कधीच?"

"अगं, त्यात काय सांगायचं." आईने राक्षसाचं अर्धं शिवलेलं पोट मांडीवर घेतलं आणि शिवण चाचपायला लागली. "रेडिओची परीक्षा दिली होती मी, तू शाळेत गेलीस की पेटीवर रियाज करून. दोन फेऱ्या असायच्या. पहिली पास झाले. दुसरीचं पत्र आलं."

"मग?"

"मग नाटक आलं."

बाहेर टीव्हीवर कुणीतरी खो खो हसत होतं.

"त्यांना अंगाईला आवाज हवा होता. मी गायले. ऐकून तेच गप्प झाले. म्हणाले, शुभा, हा आवाज मुलांनी दुसरीकडे कुठेही ऐकता कामा नये. रेडिओवर लागला, कुणी शेजारच्या काकूंचा म्हणून ओळखला, की जादू गेली. खोटं नव्हतं त्यांचं म्हणणं. नाटकाच्या बाजूने बघितलं तर बरोबरच होतं."

"आणि घरात? घरात का नाही गायलीस?"

आईने तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर शिवणीवर नेली.

"घरात तू होतीस."

ऋजुताला आधी कळलंच नाही.

"तू तिसऱ्या रांगेत बसायचीस ना. ते म्हणाले, ऋजूला आवाज ओळखू आला तर तिला रडू येणार नाही. आपलीच आई म्हणून ती हसेल. तिला रडू आलं नाही तर हॉल रडणार नाही. एक उन्हाळा सांभाळ म्हणाले. एकाचे सात झाले. नंतर नाटक बंद पडलं, तोवर गळाही..." तिने हाताने काहीतरी उडवून लावल्यासारखं केलं. "सवय गेली. पण तू इतकी रडायचीस गं! मला विंगेतून दिसायचं. बरं वाटायचं मला."

ऋजुता खाटेवर बसली. मघापर्यंत ती बाबांवर चिडली होती आणि ते सोपं होतं. आता तिला दिसत होती ती स्वतःच. सात नंबरच्या खुर्चीत, दोन वेण्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी. शहाणी, गुणी. आवाज गिळणारा राक्षस पिंजऱ्यात उभा, आणि ती सगळ्यांच्या आधी ओरडतेय, सोडा! दर प्रयोगाला. दर प्रयोगाला तिने त्याला सोडवलं होतं.

"मी नाही ओरडणार रविवारी," ती म्हणाली.

"वेडेपणा करू नकोस. शेवटचा प्रयोग आहे त्यांचा. बहात्तर वर्षांचे आहेत."

"तू अडुसष्टची आहेस."

"माझे गुडघे चांगले आहेत," आई म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

*

रविवारी हॉल गच्च. पोरं, पोरांच्या आया, पूर्वी इथेच खुर्च्यांवरून घसरलेले आणि आता टक्कल पडलेले बाप. वेफर्सच्या पुड्यांचा नुसता चुरचुराट. सहा नंबरला उर्वी, सातला ऋजुता, आठला आई. आईला विंगेतच थांबायचं होतं, पण उर्वीने पदर धरून तिला खाली आणलं होतं.

प्रयोगाच्या आधी बाबा मुखवटा काखेत घेऊन ऋजुतापाशी आले होते. कपाळावर घाम, डोळे पोरासारखे चमकणारे.

"लक्षात आहे ना? विदूषकाने विचारल्यावर दोन अंक मोजायचे, मग ओरडायचं. घाई नको."

"बाबा..."

"तू नसतीस तर हे नाटक उभंच राहिलं नसतं," ते म्हणाले, तिच्या डोक्यावर थोपटलं आणि लंगडत गेले. 

आणि बाबा काय नाचले! गुडघे नाहीत म्हणाल तर खोटं वाटावं. घंटा गिळली, कोकिळा गिळली, आरोळीवर ढेकर दिला तेव्हा ते टकले बापसुद्धा ओरडले. ऋजुताला हसू आलं, खरं हसू, आणि त्याचाच तिला राग आला. नाटक चांगलं होतं हो. तेच तर वाईट होतं. वाईट असतं तर बरं झालं असतं.

पिंजरा आला. खरी कडी बाहेरून खट्ट वाजली. घंटा परत आली, कोकिळा परत आली. दिवे गेले, ढोलात पिवळा उजेड लागला, आणि आईचा आवाज, चाळीस वर्षांच्या आईचा, हॉलभर पसरला. नीज गं अंधारबाई.

ऋजुताने शेजारी पाहिलं. अडुसष्ट वर्षांची आई ताठ बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. ओठ घट्ट मिटलेले. शेजारच्याने आपल्याला ओळखू नये म्हणून बसमध्ये माणसं बसतात तशी.

अंगाई संपली. ढोलकासुर मुखवट्याआड हुंदके द्यायला लागला. नाथाकाका टोपीचे घुंगरू वाजवत पुढे आले.

"मुलांनो! याला सोडायचं की कोंडायचं?"

एक. दोन.

ऋजुताने तोंड उघडलं नाही.

तीन, चार. इतकी शांतता, की वेफर्सचीही हिंमत होईना. मुखवट्याच्या दोन भोकांतून बाबा सरळ सात नंबरकडे बघत होते. मग डावीकडून एक पोरगा ओरडला, "कोंडा!" मागून कुणीतरी "सोडा!" "कोंडा!" "सोडा!" "फटके द्या!" हॉल फाटल्यासारखा झाला, आणि ऋजुताच्या लक्षात आलं की मुलांना नेहमी सोडायचंच असतं हे काही खरं नव्हतं. ते ठरवत होती ती.

"आगो बाय, हे काय झालं?" नाथाकाका पुटपुटले ते माइकमध्ये ऐकू गेलं. त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी थेट तिच्याकडे बघून, विनवल्यासारखं. "काय करायचं? सोडायचं की कोंडायचं?"

ऋजुता उभी राहिली. काय म्हणायचं ते तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

"आईला विचारा!" ती ओरडली.

 मग उर्वीने तेच म्हटलं, आणि मागच्या रांगेने, आणि मग काय विचारता! हे वाक्य तर प्रत्येक पोराच्या तोंडात रोजचंच. आई-ला वि-चा-रा! आई-ला वि-चा-रा! पाचशे पोरं पाय आपटत होती. नाथाकाकांनी गोंधळून इकडेतिकडे पाहिलं. नाटकात आई नव्हती. आईचा नुसता आवाज होता.

मग त्यांनी आठ नंबरच्या खुर्चीकडे पाहिलं. ते सगळं जाणून होते. पहिल्या दिवसापासून नाटकात होते ना. चारच पायऱ्या, पण सावकाश उतरून आले आणि माइक पुढे धरला. घुंगरू वाजू नयेत म्हणून टोपी काढली.

"शुभावहिनी, तुम्हीच सांगा."

"मला काय विचारताय," आई हळू म्हणाली. माइकने ते सगळ्यांना ऐकवलं. आपलाच आवाज हॉलभर ऐकून ती दचकली. तिने ऋजुताकडे रागाने बघितलं, खरंच रागाने. मग तिने पिंजऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"राहू दे आत," ती म्हणाली. "थोडा वेळ."

हॉल हसून हसून लोळला. आयांनी तर टाळ्याच वाजवल्या. घाबरलेल्या अद्वयने शेवटचं गाणं लावून टाकलं, गुपचूपनगरीची मुलं नाचायला लागली, आणि पिंजऱ्यातल्या राक्षसाला कुणी सोडवलंच नाही. बाबा आतल्या आत नाचले. जुने नट ते. वेताला धरून, दीड फुटांच्या जागेत, ताल न चुकवता. पडदा पडला तो तसाच.

*

पडद्यामागे नुसती जत्रा होती. फोटो, हार, पोरांची पळापळ. सगळ्यांना वाटत होतं हा नवा शेवट आहे. "काय भन्नाट सुचलं हो देवस्थळी!" असं कुणीतरी ओरडून गेलं. आई पायरीपर्यंत आली आणि थांबली.

"मी उर्वीला पाणी पाजून आणते," ती ऋजुताला म्हणाली. "असं चारचौघांत नव्हतंस करायचं तू." आणि उर्वीचा हात धरून गेली. ती जाताना काही गुणगुणते का म्हणून ऋजुताने कान दिला. गडबडीत काही ऐकू आलं नाही.

पिंजरा कोपऱ्यात ढकलून ठेवला होता. बाबा आत, ढोलावर बसलेले. मुखवटा मांडीवर. घामाने मुखवट्याचा रंग गालांवर उतरला होता.

"तू ओरडली नाहीस," ते म्हणाले.

"नाही."

"शेवटचा होता, ऋजू."

"बाबा, आईला रेडिओचं दुसऱ्या फेरीचं पत्र आलं होतं. ते कुठे आहे?"

हे तिने मुद्दाम विचारलं. तिची अपेक्षा होती, नव्हे, प्रार्थनाच होती, की ते म्हणतील, कुठलं पत्र? विसरले असते तर बरं झालं असतं. माणसं विसरतात.

बाबांनी मुखवट्यावरून हात फिरवला.

"पेटीत," ते म्हणाले. "तिच्या पेटीच्या भात्याखाली. घडी घातलेलं आहे." मग म्हणाले, "दुसऱ्या फेरीची तारीख अकरा मे होती. त्याच दिवशी पहिला प्रयोग लावला होता मी."

ऋजुता पिंजऱ्याजवळ सरकली.

"कडी काढतेस ना? गुडघे दुखायला लागलेत."

"काढते," ती म्हणाली.

कडी काही गंजलेली नव्हती. तरी ती काढायला तिला बराच वेळ लागला.